पलटण गेली, पेन्शनपुरा राहिला : छावणीच्या गावाची, हिंगोलीची गोष्ट

आजचा विषय एका गावाचा आहे. गावाचा म्हणजे तिथल्या राजांचा किंवा पुढाऱ्यांचा नव्हे, गावाचाच. गाव कशामुळे वसतं, ज्या कारणाने वसलं किंवा वाढलं ते कारणच निघून गेलं तर पुढे त्याचं काय होतं, आणि या सगळ्याची आठवण कोण ठेवतं, असे तीन प्रश्न आम्ही आज घेतले आहेत. उदाहरण हिंगोलीचं आहे.

हिंगोलीत आजही एखाद्याला पत्ता विचारा. तो सांगेल, पलटणमध्ये या. दुसरा सांगेल, रिसाल्यात. तिसरा तोफखान्यात राहतो, चौथा पेन्शनपुऱ्यात, आणि कापड घ्यायला सगळेच सदर बाजारात जातात. आता बघा, पलटण म्हणजे पायदळ, रिसाला म्हणजे घोडदळ, तोफखाना म्हणजे तोफखाना. संपूर्ण लष्कर या गावात पत्त्यांच्या रूपाने उभं आहे. फक्त सैनिक तेवढा एकही नाही. १९०३ साली तो गेला, त्याला आता सव्वाशे वर्षं होत आली. नावं मात्र हलली नाहीत.

हे लष्कर कुणाचं होतं, इथपासूनच घोटाळ्याला सुरुवात होते. कुणी म्हणतं निजामाचं, कुणी म्हणतं इंग्रजांचं. दोन्ही उत्तरं अर्धी खरी आहेत, आणि हिंगोलीचा सगळा स्वभाव या अर्धेपणातून घडलेला आहे.

जरा मागे जाऊ. १७९८ आणि १८०० च्या तैनाती तहांनी हैदराबादच्या निजामाने कंपनी सरकारचं संरक्षण पत्करलं. १८०३ साली दुसरं इंग्रज-मराठा युद्ध झालं. असईची लढाई २३ सप्टेंबरला झाली, अडगावची २९ नोव्हेंबरला. या युद्धात निजामाच्या स्वतःच्या फौजेचा काही उपयोग नाही, अशी तक्रार इंग्रज अधिकारी करू लागले. पुढे हेन्री रसेल हा हैदराबादचा रेसिडेंट झाला. १८११ ते १८२० एवढा काळ तो त्या पदावर होता. त्याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली नव्या पद्धतीची कवायती फौज उभी केली. तिला रसेल ब्रिगेड म्हणत. पगार निजामाच्या खजिन्यातून, हुकूम रेसिडेंटचा. ही व्यवस्था नीट लक्षात ठेवा, कारण हिंगोलीची छावणी याच व्यवस्थेचं अपत्य आहे.

आता हिंगोलीच का? नकाशा समोर घ्या. उत्तरेला पैनगंगा, तिच्या पलीकडे वऱ्हाड. गावाजवळून कयाधू वाहते आणि पुढे पैनगंगेलाच मिळते. दक्षिणेकडे गोदेचं खोरं, नांदेड, आणि पुढे हैदराबादची वाट. वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्यामधला हा उंबरठा आहे. ज्याला दोन्ही घरांवर नजर ठेवायची, तो उंबरठ्यावरच बसतो.

त्यात हा मुलूख शांत नव्हता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. मोठी सत्ता गेली, पण गढ्यागढ्यांवरचे नाईक होते तिथेच होते. पैनगंगेच्या काठाने हटकर नाईकांचा दबदबा होता. त्यांच्यातले नोवसाजी नाईक यांनी नाव्ह्याची गढी धरून ठेवली होती. नाव्हा आज नांदेड जिल्ह्याच्या हदगाव भागात येतो. जानेवारी १८१९ मध्ये या फौजेने मेजर पिटमनच्या हाताखाली त्या गढीला वेढा घातला. गढीत अरब शिबंदी होती. ती अखेरपर्यंत लढली. महिना संपता संपता गढी पडली. जिंकणाऱ्या पलटणींना ‘नोवा’ हा युद्धसन्मान मिळाला आणि तो त्यांच्या निशाणावर लागला. म्हणजे हरलेल्याच्या गावाचं नाव जिंकलेल्याने मिरवलं. नाईकांच्या बाजूने ही लढाई लिहून ठेवणारा कारकून मात्र कुणी नव्हता. ती आठवण लोकांच्या तोंडी राहिली. हा फरकही लक्षात ठेवा, शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

छावणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सैनिक येतो. पण एका सैनिकामागे किती माणसं लागतात याचा हिशेब करून बघा. घोडा आला की मोतद्दार आला, घासवाला आला, नालबंद आला. माणूस आला की भिश्ती, धोबी, न्हावी, शिंपी, मोची आले. धान्य पुरवायला वाणी, पैसे फिरवायला सावकार, दुधाला गवळी, दारूला कलाल. हे सगळे लोक राहायचे कुठे? सदर बाजारात. प्रत्येक छावणीला असा एक मुख्य बाजार असायचा आणि तो लष्करी अधिकाऱ्याच्या अमलाखाली असायचा. पलटणी बदलत, आज इथे तर उद्या जालन्याला, नाही तर मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला. बाजार मात्र बदलत नसे. तेव्हा गाव म्हणून खरं जे वसलं, ते बाजारात वसलं असं आमचं म्हणणं आहे.

याच बाजारातली एक गोष्ट जगभर गेली, आणि ती चांगली नाही. पण टाळून चालणार नाही.

फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८२४ साली तो हिंदुस्थानात आला. पुढे काही काळ हिंगोलीच्या छावणीत होता. १८३९ साली त्याची ठगांवरची कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि विलायतेत प्रचंड गाजली. तिच्या प्रस्तावनेत हिंगोली येते. टेलर सांगतो की, छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता आणि आम्ही सगळेच त्याच्याशी देवघेव करत होतो. या हरिसिंगाने एकदा मुंबईहून कापड आणायचं आहे म्हणून कॅप्टन रेनॉल्ड्सकडून रीतसर परवाना घेतला. ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचं होतं आणि तो मालक मालाबरोबरच वाटेत होता. त्या मालकाला आणि त्याच्या माणसांना वाटेत मारलं, परवाना दाखवून माल छावणीत आणला आणि उघड विकला. हरिसिंग पकडला गेला आणि त्याने स्वतः सांगितलं, तेव्हाच हे कळलं. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांवर, भर बाजारात माणसं मारली गेली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली होती. त्यांतले काही खड्डे उकरले तेव्हा आपण तिथे हजर होतो, असंही टेलर लिहितो.

आता ठगांविषयी जरा सावधपणे बोललं पाहिजे. १८३० च्या दशकात स्लीमनच्या खात्याने जी मोहीम चालवली, ती मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर उभी होती. १८३६ च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप देता येत होती. ठगी हा एक प्राचीन, देशभर पसरलेला गुप्त पंथ होता, ही मांडणी आज अनेक इतिहासकार जशीच्या तशी मान्य करत नाहीत. वाटमारी होती, खून झाले, खड्ड्यांत प्रेतं निघाली. पण त्यावर चढवलेला पंथाचा साज बराचसा सरकारी दप्तरातला आणि कादंबरीतला आहे.

आमचा मुद्दा वेगळाच आहे. या गोष्टीत हिंगोलीचे किती लोक दिसतात? एक खुनी दिसतो, दोन साहेब दिसतात. ज्यांना मारलं त्यांची नावं नाहीत. ज्या दुकानदाराने तो माल विकत घेतला त्याचं नाव नाही. आपल्या शेजारी हे चाललं होतं हे कळल्यावर त्या रात्री सदर बाजारात कुणाला झोप लागली का, हे कुणीही विचारलं नाही. बाजारात शेकडो माणसं होती, आणि छापलेल्या इतिहासात एक हरिसिंग तेवढा शिल्लक राहिला.

बरं, पुढे चला. या फौजेचा खर्च वर्षाला सुमारे चाळीस लाख रुपये होता. त्या काळातले चाळीस लाख. दिवाण चंदूलाल सावकारांकडून कर्ज काढून पगार भागवत होता. पामर कंपनीसारख्या पेढ्या त्यावर गब्बर झाल्या आणि राज्य कर्जात बुडालं. अखेर १८५३ साली कंपनीने तह करून घेतला. फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा भाग इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. फौजेचं नाव झालं हैदराबाद कंटिंजंट. पायदळाच्या सहा पलटणी, चार रिसाले, चार तोफखाने. गंमत बघा, गंमत म्हणजे खेदाचीच. पैनगंगेपलीकडचा वऱ्हाडी शेतकरी कापूस पिकवून जो सारा भरत होता, त्यातून अलीकडच्या हिंगोलीतल्या शिपायाचा पगार होत होता. जमीन निजामाची, पैसा वऱ्हाडचा, हुकूम इंग्रजांचा.

आणि शिपाई कुठला? पायदळात अवध आणि हिंदुस्थानच्या इतर भागांतले पुष्कळ होते. आपल्याकडे त्यांना परदेशी म्हणत. परदेशी म्हणजे विलायती नव्हे, नर्मदेपलीकडचा. त्यांच्याबरोबर दख्खनी मुसलमान होते, शीख होते, इतरही होते. वीस-पंचवीस वर्षं नोकरी झाल्यावर यातले सगळेच परत गेले नाहीत. पोरं इथे जन्मली, भाषा इथली झाली, पेन्शन इथे मिळत होती. ते राहिले. पेन्शनपुरा हे नाव दुसरं काय सांगतं? पलटण, रिसाला ही सरकारी नावं आहेत, वरून आलेली. पेन्शनपुरा हे खालून आलेलं नाव आहे. नोकरी संपल्यावरही माणूस थांबला, असं ते नाव सांगतं. आमच्या मते हिंगोलीतलं सर्वांत महत्त्वाचं ऐतिहासिक कागदपत्र कुठलं असेल, तर हे पाच अक्षरांचं नाव.

त्याचा दुसरा पुरावा तुम्ही दरवर्षी बघता. हिंगोलीचा दसरा. खाकीबाबा मठाच्या मानदास बाबांनी तो १८५५ मध्ये सुरू केला, असं परंपरा सांगते. दसरा महाराष्ट्रात सगळीकडे आहे. आपण सोनं लुटतो, सीमोल्लंघन करतो, शस्त्रं पुजतो. पण दहा दिवस रामलीला करायची आणि शेवटी रावण जाळायचा, ही रीत मुळात उत्तरेकडची. ती मराठवाड्यातल्या या गावात एवढी घट्ट कशी रुजली? छावणीतल्या त्या परदेशी शिपायांशिवाय याचं उत्तर आम्हाला सुचत नाही. हा आमचा तर्क आहे, कागदावर लिहिलेला पुरावा नव्हे. पण रामलीला मैदान आजही तिथे आहे, आणि रावण बघायला येणारा माणूस आज अस्सल मराठी असतो. आलेल्यांची रीत गावाची रीत झाली.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे छावणीच्या आधी या भागात काही नव्हतंच का? तसं मुळीच नाही. औंढा नागनाथाचं यादवकालीन मंदिर इथून जवळच आहे. नामदेवांना ज्यांनी डोळस केलं ते विसोबा खेचर औंढ्याचे. कयाधूच्या काठी नर्सी आहे, नामदेवांचं जन्मस्थान म्हणून पुजली जाणारी. जन्मस्थानाविषयी मतभेद आहेत, पण नर्सीची श्रद्धा जुनी आहे. ते नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले, आणि त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. उत्तरेचे शिपाई इथे यायच्या चार-पाचशे वर्षं आधी या कयाधूकाठचा एक शिंपी उत्तरेत जाऊन तिथला झाला होता. जाण्यायेण्याची ही वाट छावणीने तयार केली नाही, ती आधीपासूनच वाहती होती.

आता १९०३. आदल्या वर्षी लॉर्ड कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्यात करार झाला. वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला. हैदराबाद कंटिंजंट वेगळी ठेवायची गरज उरली नाही. तिच्या पलटणी हिंदुस्थानच्या फौजेत मिसळल्या आणि छावणी उठली.

या पलटणींचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. १९२२ च्या फेररचनेत त्यांची एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ मध्ये तिचं नाव झालं कुमाऊं रेजिमेंट. ३ नोव्हेंबर १९४७ ला काश्मीरमध्ये बडगामला लढताना धारातीर्थी पडलेले मेजर सोमनाथ शर्मा याच कुमाऊंच्या चौथ्या बटालियनचे. स्वतंत्र भारताचं पहिलं परमवीर चक्र त्यांचं. रसेलच्या भाडोत्री फौजेचा धागा असा बडगामपर्यंत जातो. रेजिमेंट आपला इतिहास जपते, कारण तिच्याकडे दप्तर आहे, निशाण आहे, सन्मानांची यादी आहे.

आणि गाव? छावणी उठली त्या दिवशी सदर बाजारातल्या माणसाने काय केलं असेल, विचार करा. गिऱ्हाईकच गेलं. अशा वेळी कित्येक गावं बसतात. हिंगोली बसली नाही, कारण तोवर बाजाराने दुसरं गिऱ्हाईक धरलं होतं. कापूस. भोवतालची काळी जमीन, सरकीचा आणि रुईचा व्यापार, जिनिंगचे कारखाने. १९१२ मध्ये पूर्णेहून हिंगोलीला रेल्वे आली. तारखा शेजारी शेजारी ठेवा. १९०३ ला फौज गेली, १९१२ ला रेल्वे आली. आमच्याकडे आगगाडी लष्करासाठी आली असं लोक सहज म्हणतात. तारखा सांगतात की ती आली तेव्हा इथे लष्कर नव्हतंच. ती आली बाजारासाठी.

पुढचं थोडक्यात सांगतो. निजामी राजवटीची शेवटची वर्षं, मुक्तिसंग्राम, सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात कार्यकर्त्यांनी उभारलेली केंद्रं, म्हणजे पुन्हा तोच उंबरठा कामाला आला. १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्ती. १९५६ ला मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके. आज बाजारात कापसाच्या जोडीला हळद आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गाव अजूनही बाजाराच्याच जोरावर उभं आहे.

आता आपण शेवटाकडे येतो, आणि एक गोष्ट तुमच्यापुढे मांडतो.

औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे, लायगो-इंडिया. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेलं हे यंत्र आहे. कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर असलेली कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्याची थरथर इथे मोजायची आहे. त्यासाठी कारखाने, वाहनं, जमिनीचे हादरे यांच्यापासून दूर अशी शांत जागा लागते. दोनशे वर्षांपूर्वी हा मुलूख अशांत म्हणून बाहेरच्यांनी निवडला. आता शांत म्हणून निवडला आहे.

लायगो ही छावणी नाही, दोन्ही एका मापाने मोजू नयेत. पण एक गोष्ट सारखी आहे. मोठी संस्था आली की ती आपलं दप्तर बरोबर आणते. तिचा इतिहास आपोआप लिहिला जातो. तिच्यामुळे ज्या चहाच्या टपऱ्या उभ्या राहतात, ज्यांच्या जमिनी जातात, जी पोरं तिथे कामाला लागतात, त्यांचा इतिहास आपोआप लिहिला जात नाही. छावणीच्या वेळी तो आपण लिहिला नाही. त्याची किंमत म्हणून आज आपल्याला आपल्याच गावाची गोष्ट टेलरच्या प्रस्तावनेतून वाचावी लागते.

म्हणून एक विनंती. पलटणीत, पेन्शनपुऱ्यात, तोफखान्यात ज्यांची जुनी घरं आहेत, त्यांनी माळ्यावरच्या पेट्या एकदा उघडून बघा. आजोबा-पणजोबांची पेन्शनची पुस्तकं असतील, उर्दू किंवा मोडीतली खरेदीखतं असतील, दुकानाच्या चोपड्या असतील. वाचता आलं नाही म्हणून रद्दीत घालू नका. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, उर्दू आणि मोडी वाचणारे लोक अजून आहेत. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना विचारा की आपण इथे आलो कुठून, आणि कुणाबरोबर. आणि उद्या कुणी मोहल्ल्याची जुनी नावं बदलून गोड-गोड नवी नावं द्यायला निघालं, तर त्याला एवढंच सांगा की बाबा, पाटी बदलण्याआधी हे नाव कुणाचं होतं ते लिहून तर घे.

फौजेची नोंद रेजिमेंटने ठेवली, साहेबांची लंडनच्या प्रकाशकाने ठेवली. पेन्शनपुऱ्याची नोंद पेन्शनपुऱ्यालाच ठेवावी लागेल. आज इथेच थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ, आणि प्रश्नांपेक्षा कुणाकडे जुना कागद असेल तर तो आधी दाखवा.